तोरणाला हात न लावता

"ही भिंत कोणाच्या बापाची हाये?"

एवढं विचारून माझा थोरला भाऊ थांबला, कारण तोंडात घास होता. तो गिळला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, पहिल्यापेक्षा दुप्पट आवाजात. उजवा हात मनगटापर्यंत वरणानं माखलेला, डाव्या हातात धोतराचा सोगा, पायात एकच वहाण आणि तीही माझी. घरापासून आमच्या जीनपर्यंत, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या आमच्या कारखान्यापर्यंत, तो भरल्या ताटावरून उठून पळत आला होता.

भिंत आमच्याच बापाची होती. निदान तिच्याखालची जमीन तरी. कारखान्याच्या मागच्या बाजूची दगडमातीची, पुरुषभर उंचीची ती भिंत मधोमध फोडली होती, आणि त्या खिंडारातून एक भरली बंडी आरामात आत शिरेल अशी वाट झाली होती. आठ गडी हातात सब्बली घेऊन उभे होते. मातीनं इतके माखलेले की त्यांच्या बायकांनीही आधी डोळे बघून मग ओळखलं असतं. आणि खिंडारात, नुकत्याच निखळलेल्या दगडावर, आमचा नवा कारभारी, इंझोरी गावचा माणूस बसला होता. तो डोक्याचं फडकं सोडून झटकत होता, पुन्हा बांधत होता.

दादाच्या आवाजाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो एकदा मळ्यातून गड्याला ओरडला तेव्हा अनसिंगच्या बाजारात एका माणसानं "आलो आलो" म्हणून उत्तर दिलं होतं. त्या दिवशी भिंतीपाशी तो ओरडला तर छपरावरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या आणि संध्याकाळपर्यंत परत बसल्या नाहीत. मी खोटं कधी बोलत नाही. थोडं वाढवून बोलतो, ते वेगळं.

पण गंमत अशी की दादाला ओरडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्यानं आदल्याच दिवशी, वहिनीच्या देखत, बेलभंडार उचलून शपथ घेतली होती की आठ दिवस तो कारखान्यात कशालाही हात लावणार नाही आणि कोणाला काही करायला सांगणार नाही. ओरडायची मुभा होती. ओरडणं हे काम आहे असं तो कधीच समजत नसे.

ही शपथ त्याच्या गळ्यात कशी पडली, ते आधी सांगतो.

मोठ्या लढाईच्या आधीची ती वर्षं. दादा एकदा अकोल्याला गेला होता बैलांसाठी सरकीची ढेप आणायला. तिथं त्यानं चालू जीन पाहिलं आणि ढेपेऐवजी जीन घेऊन आला. म्हणजे लगेच नाही, वर्षभरानं. पण घरी आला तेव्हाच त्याच्या डोळ्यांत मला चिमणीचा धूर दिसला. जुनं बॉयलर आणि इंजन त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवलं. ते आणताना नाल्यात रुतलं. काळी माती, त्यात ते लोखंडाचं हत्तीएवढं धूड. चार दिवस हललं नाही. पाचव्या दिवशी दादा त्या बॉयलरवर चढून उभा राहिला आणि बोलायला लागला. काय बोलला ते नीट कोणालाच आठवत नाही. पण चार गावची माणसं आपापली बैलं सोडून आली, चाळीस जोड्या जुंपल्या, आणि बॉयलर नाल्यातून असं निघालं की जणू त्यालाच लाज वाटली. ही ताकद दादात होती. जे नाही ते तो असं दाखवायचा की ते नाही याचं ऐकणाऱ्याला वाईट वाटायचं.

कारखाना उभा राहिला. बारा रेचे, एक इंजन, आणि इंजनावर मी. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. एका बाजूनं कापूस घाला, दुसरीकडून रुई पडते. काम सोपं. अवघड होता तो दादा.

त्याच्या डोक्यात रोज सकाळी नवी कल्पना यायची, आणि ती करून बघायला रेचे थांबवावे लागायचे. एक दिवस म्हणाला, रुईचे बोजे स्टेशनावर बंडीनं कशाला न्यायचे, नळातून फुंकून पाठवू. पत्र्याचा नळ केला, इंजनाला पंखा लावला आणि फुंकली. नळ पहिल्याच सांध्यात सुटला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या म्हशी पांढऱ्या झाल्या आणि दोन दिवस आपलंच वासरू ओळखेनात. दादा नाराज झाला नाही. म्हणाला, पंख्यात जोर आहे हे तरी कळलं.

आणि ते तोरण. कारखान्याच्या मुहूर्ताला फाटकावर तोरण पाहिजे. आंब्याची पानं दुसऱ्या दिवशी सुकतात, हे दादाला पटलं नाही. त्यानं लोहाराकडून लोखंडी कमान करवून घेतली आणि तिला पत्र्याची पानं लावली, एकेक पान कापून, शिरा काढून, हिरवा रंग देऊन. वाऱ्यानं ती पानं खणखणायची. पोळ्याला वेशीवर बांधतात तस्संच तोरण, फक्त कधीच न सुकणारं. बघायला मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून बायामाणसं आली. दादा त्याखाली उभा राहून म्हणाला होता, हे तोरण आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत हिरवं राहील. ते खरंच राहिलं, पण त्या भानगडीत आत्ता शिरत नाही.

तर सगळं छान, आणि कारखाना चालेना.

म्हणजे कापूस यायचा. सकाळी उजाडताच फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागायची. माझं इंजन सूं सूं करत तयार. रेच्यांवर बाया बसलेल्या. आणि आत कापूस नाही. बाहेर रांग, आत बाया हातावर हात ठेवून. बंड्या हलायच्या दुपारनंतर, आणि मग सगळ्या एकदम, आणि अंगणात अशी कोंडी व्हायची की रिकामी बंडी बाहेर निघेना आणि भरलेली आत शिरेना. एका माणसाची बंडी इतका वेळ रांगेत उभी होती की तिला बांधलेलं वासरू फाटकाशी पोचेपर्यंत जुंपायच्या लायक झालं. त्याच रांगेत एक सोयरीकही जमली म्हणतात. आम्ही बैलांना दोष दिला, रस्त्याला दिला, दृष्ट लागली म्हणून फाटकावर लिंबू-मिरची बांधली. दादा तोरणाखाली उभा राहून "चला, चला" ओरडायचा. बैलं कान हलवायची, माणसं हसून रामराम करायची आणि जागची हलायची नाहीत.

पहिल्या हंगामाच्या शेवटाला बंड्या आमच्या फाटकावरून पुढे वाशीमच्या रस्त्याला लागायला लागल्या. हंगाम संपल्यावर वाशीमचा एक व्यापारी आला. चहा घेतला, इंजनाकडे गेला, आणि टरबूज पारखावं तसं बोटानं टकटक वाजवून पाहिलं. जाताना दादाला म्हणाला, आणखी एक हंगाम असाच गेला तर मला सांगा, मी उचलून नेतो. दादा काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याची मला सवय नव्हती. मला वाटलं कानात दडे बसले.

वहिनी म्हणाली, एक कारभारी ठेवा.

दादानं ठेवले. एक नाही, दोन, एकामागून एक. पहिला रेल्वेतून निवृत्त झालेला. त्यानं बंड्यांचं वेळापत्रक केलं: अमुक गावच्या बंडीनं सूर्योदयानंतर इतक्या वाजता यावं. ते फाटकाला चिकटवलं. बंडीवाल्यांनी ते बैलांना वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी त्यानं गाडी पकडली. ती गाडी त्या दिवशी चार तास उशिरा आली, हे मी स्टेशनावर बसून मुद्दाम पाहिलं. दुसरा होता मॅट्रिक झालेला तरुण, हुशार, गोड बोलणारा. दादाची प्रत्येक कल्पना ऐकून त्याचे डोळे भरून यायचे, आणि तो त्यात आपली एक जोडायचा. दोघं मिळून सरकीचा साबण करायला बसले आणि आठ दिवस कारखाना फेसानं बंद. दादा खूष. घरी येऊन म्हणाला, आतापर्यंत भेटला नव्हता असा माणूस भेटला, अगदी माझ्यासारखा.

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यासारखा दुसरा कायले पायजे? एक हाये ना घरात."

हे वाक्य मी नंतर बऱ्याच मोठ्या माणसांच्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला. कोणाच्याच शिरलं नाही.

मग त्या मार्गशीर्षात आम्ही मानोऱ्याकडे एका देवस्थानाच्या भंडाऱ्याला गेलो. रोडग्यांचं जेवण. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. रोडगा गरम असेल तर देवही खाली उतरतो. थंड झाला तर तोच रोडगा कुत्र्याला फेकून मारता येतो. म्हणून रोडग्यांची पंगत सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नाही. हजारभर माणूस होता. दरवर्षी तिथं ढकलाढकली, आरडाओरडा, कोणाचं ताट पालथं. त्या वर्षी काही नाही. माणसं बसत होती, खात होती, उठत होती, आणि प्रत्येकाच्या पानात रोडगा वाफाळता.

मला कुतूहल हा जुना आजार. हे कसं होतंय म्हणून मी शोधायला निघालो. आचारी घामाघूम, वाढपी धावतायत, आणि गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी एक माणूस दगडावर बसलाय. पन्नाशीचा, काटकुळा, इंझोरीचा कोरडवाहू शेतकरी. काही करत नव्हता. मी त्याच्यापासून वीस पावलांवर ताट घेऊन बसलो आणि तीन रोडगे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात तो एकदाच बोलला. हात धुवायच्या पाण्याचा रांजण पंगतीच्या या टोकाला होता. तो उचलून त्या टोकाला न्यायला सांगितला. बस.

मी जाऊन विचारलं, रांजण का हलवला.

"उठणारा अन् बसणारा एका वाटेवर आले," तो म्हणाला, "का पंगत मेली."

मी हे घरी येऊन वहिनीला सांगितलं, दादाला नाही. वहिनीनं इंझोरीला निरोप धाडला.

तो आला तेव्हा दादानं ओसरीवर त्याची मुलाखत घेतली. म्हणजे दादानं स्वतःची दिली. सकाळच्या चहाला सुरू झालं ते ऊन अंगणाच्या मध्यावर येईस्तोवर. विजेचे दिवे, सरकीचं तेल, मालासाठी स्वतःचा रेल्वेफाटा, विमानातून मुंबईला जाणारी रुई. त्यानं त्या माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या गावात कोणालाही विमान म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, पण दादा बोलताना मी दोनदा वर पाहिलं.

इंझोरीचा माणूस सगळं ऐकत होता. ऐकणं संपल्यावर त्यानं विचारलं, "समदं बरं हाये भाऊ. पण गाडीवाला भाकर कवा खाते?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी आतल्या दाराकडे. दाराआडून वहिनीच्या बांगड्या वाजल्या, आणि आमच्या घरात तो होकार असतो.

दादानं एक अट घातली. बाकी काहीही बदला, फाटकावरच्या तोरणाला हात लावायचा नाही. इंझोरीच्या माणसानं ती लगेच मानली आणि आपली सांगितली: पहिले आठ दिवस मी काही करणार नाही, पुढचे आठ दिवस तुम्ही काही करायचं नाही. दादा हसला. त्याला वाटलं सोपं आहे. वहिनीनं बेलभंडार आणला तेव्हा हसणं थांबलं. आत्ता कशाला, आठ दिवसांनी उचलीन, म्हणाला. आणि वहिनीनं आठ दिवसांनी बरोबर उचलायला लावला.

ते पहिले आठ दिवस अख्खं गाव एकाच कोड्यात होतं. हा माणूस काय करून राह्यला?

फाटकाबाहेर कडुलिंब होता. त्याखालच्या दगडावर तो सकाळी येऊन बसायचा आणि संध्याकाळी उठायचा. न्हाव्याचं मत पडलं की तो सरकारचा गुप्त माणूस आहे. रेच्यावरच्या बाया म्हणायच्या, त्याला अंगात येतं आणि तो त्याची वाट पाहतोय. स्टेशनवरचा पानवाला चाचा शपथेवर सांगायचा की तो बैलांशी बोलतो. मी तर तीन वेळा तंबाखू मागायच्या निमित्तानं त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो मलाच प्रश्न विचारायचा, आणि कसले! त्या तांबड्या बैलाचा मालक कोणाचा जावई? पाटलाची जोडी किती वाजता येते? मागची भिंत बांधली कोणी, चुना किती घातला? तुमचे दादा किती रोडगे खातात, कवा खातात, जेवण झाल्यावर पडतात का? मी म्हटलं, पंगतीवाला माणूस, खाण्याची चौकशी करणारच. सांगून टाकलं. दादा एरवी इंजनघरात उभ्यानं भाकर खातो. फक्त बाजाराच्या दिवशी घरी जातो, कारण त्या दिवशी वहिनी रोडगे करते आणि रोडगा डब्यात घालून पाठवायला ती साफ नाही म्हणते.

नववा दिवस बाजाराचा होता.

वहिनीनं त्या दिवशी रोडग्यांना नेहमीपेक्षा जास्त तूप लावलं, आणि दादाचं पान रिकामं होऊ दिलं नाही. चौथ्या रोडग्याला जीनच्या बाजूनं धप्प धप्प ऐकू आलं. वहिनी म्हणाली, कोणी धान कांडत असेल. पाचव्याला दादा उठला.

आणि मग तो प्रश्न, भिंत कोणाच्या बापाची.

इंझोरीच्या माणसानं फडकं बांधून संपवलं. "तुमीच सांगतलं ना भाऊ, तोरणाले हात लावाचा नाही. नाही लावला."

"तोरणाचा इथं काय संबंध?"

"थे तुमी पोळ्याचं बांधलं. पोळा फुटला कुठं?"

दादाचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यात काही नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. हळूहळू माझ्याही टाळक्यात उजेड पडला. पोळ्याला सगळ्या गावची बैलं तोरणाशी येऊन उभी राहतात. पाटलाची मानाची जोडी येते, पहिली तोरणाखालून जाते, तोरण तुटतं, पोळा फुटतो, आणि मगच बाकीची बैलं मोकळी. मानाच्या जोडीआधी तोरणाखालून जायचं म्हणजे पाटलाशी सात पिढ्यांचं वैर. आमच्या फाटकावर तर न तुटणारं तोरण. म्हणून रोज सकाळी चार गावच्या बंड्या येऊन पाटलाच्या जोडीची वाट पाहत उभ्या राहायच्या, आणि पाटलाचा गडी घरचं सगळं आटोपून, जेवून, दुपारी यायचा. आमच्या जीनवर दोन हंगाम रोज पोळा होता, आणि तो रोज दुपारी फुटायचा.

दादाला कोणी सांगितलं का नाही? ज्यानं तोरण बांधलं त्याला पोळा शिकवायचा का, असं लोकांना वाटलं. त्यांच्या लेखी दादा मोठा रीत पाळणारा माणूस होता. आणि मला तेव्हाच आठवलं की मी स्वतःही रोज सकाळी फाटकातून न जाता बाजूच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरत होतो. काटे लागायचे. तरी का शिरतो हे मी मला कधी विचारलं नव्हतं.

खिंडारातून पहिली बंडी आली ती रांगेच्या शेपटाला असणाऱ्या एका म्हाताऱ्याची. दोन बैलांत मिळून दीड बैलाचं मांस. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, वर पाहिलं. वर फक्त आभाळ. तोरण नाही म्हणजे मान नाही. त्यानं शेपूट पिळली आणि आत आला. त्याच्यामागून दुसरी, तिसरी. रिकाम्या झाल्या की पुढच्या फाटकातून, तोरणाखालून, बाहेर. मोकळी बंडी घेऊन घरी निघालेल्या माणसाला मान आठवत नाही, भूक आठवते. कोणी कोणाच्या वाटेत नाही. बारा रेचे एकदम भरले. मी इंजन इतकं पळवलं की चिमणीतून धुराऐवजी शिटीच निघत होती.

दादा हात न धुता तिथंच उभा. वरण सुकून गेलं.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली. पाटलाच्या गड्यानं आदल्या दुपारी मागच्या वाटेनं यायला नकार दिला होता. इंझोरीच्या माणसानं त्याला थांबू दिलं, आणि तो दिवस मावळेपर्यंत समोरच्या फाटकाशी एकटा उभा राहून भरली बंडी घेऊन परत गेला. सकाळी पाटील स्वतः आला, दमणीत बसून, मिशीला तेल लावून, कापसाची भरली बंडी मागं घेऊन. तो फाटकासमोर थांबला तशा मागच्या वाटेवरच्या बंड्याही थांबल्या. पाटील रागावून वाशीमच्या रस्त्याला लागला असता तर चार गावचा कापूस त्याच्यामागे गेला असता, आणि तो व्यापारी पुन्हा इंजन वाजवायला आला असता. दादाच्या चेहऱ्यावर हे सगळं लिहिलेलं होतं. पण बेलभंडार.

इंझोरीच्या माणसानं पाटलाला रामराम केला. वाट समजावली, बैलांचा त्रास वाचतो ते सांगितलं. सगळं खरं. पाटील ऐकून म्हणाला, "मागच्या दारानं आमच्या घरात कोन जाते, मालूम हाये ना?"

मी पाहिलं, दहा दिवसांत पहिल्यांदा इंझोरीच्या माणसाला घाम आला. वाट कुठून काढायची हे त्याला कळत होतं. मान कुठून काढायचा हे नाही. तो दादाकडे वळला.

"भाऊ, बोला. हे माह्या हातचं काम नाही. आजच्या पुरती सूट."

वहिनीची परवानगी नव्हती, पण देव समजून घेईल असं दादानं ठरवलं असावं. दोन दिवस तुंबलेला माणूस तो. त्यानं पाटलाच्या दमणीच्या जुवावर हात ठेवला आणि, विश्वास ठेवा, हळू आवाजात बोलला.

"आत काय, कोणीबी जाते पाटील. कापूस घेऊन भिकारीबी जाते. पण तुमची जोडी ह्या तोरणाखालून बाहेर निघंल ना, तवा इंजनाची शिटी वाजंल. फक्त तुमच्यासाठी. वाशीमच्या बाजारात लोक म्हनतीन, पाटलाचा कापूस निघाला."

पाटलानं तोरणाकडे पाहिलं, मग चिमणीकडे. बराच वेळ मिशी चोळली. "किती लांब जाते शिटी?"

"हा सांगन," म्हणून दादानं माझ्याकडे बोट केलं.

मी ज्यासाठी जन्मलो होतो ते काम समोर आलं. म्हणालो, वारा बरा असेल तर पैनगंगेच्या पलीकडे. पाटलाची दमणी मागं वळली.

त्या दिवशी त्याची जोडी तोरणाखालून निघाली तेव्हा मी शिटी अशी ओढली की बॉयलरची अर्धी वाफ गेली आणि रेचे दोन मिनिटं मंदावले. इंझोरीचा माणूस बघत होता. दादा मात्र लगेच पेटला: प्रत्येक गावाला वेगळी शिटी, लांब, आखूड, दोन आखूड एक लांब, पोळ्यातल्या गाण्यांसारखी झडती म्हणणारी शिटी, शिटीनं वाजणारं भजन. इंझोरीच्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक बस हाये भाऊ." आणि दादा बसला. खरंच खाली बसला, कडुलिंबाखाली, त्याच्याच दगडावर.

पुढं अशीच रीत पडली. दादा बसून बोलायचा, तो बसून ऐकायचा, आणि दहातली एखादी गोष्ट उचलून घेऊन जायचा. उरलेल्या नऊ दादा दुसऱ्या दिवशी विसरायचा, तिथं नव्या दहा आलेल्या असत. व्यापारी संक्रांतीच्या सुमाराला येऊन गेला. इंजनापर्यंत पोचायला त्याला वाट मिळाली नाही, इतक्या बंड्या. बाहेरच चहा पिऊन गेला.

होळीच्या आधी हंगाम आटोपला. रेचे थंड झाले, अंगण झाडून घेतलं. आम्ही तिघं कडुलिंबाखाली बसलो होतो. वारा होता, पत्र्याची पानं खणखणत होती. तोवर दादा गावभर सांगत फिरला होता की मागची वाट ही मुळात त्याचीच कल्पना, फक्त भिंत आधी बांधली गेली. मी त्याला अडवलं नाही. मीही तोवर माझी शिटी हिंगोलीपर्यंत नेली होती.

तरी त्याला एक गोष्ट खात होती, आणि मलाही. त्यानं विचारलं, तोरणाची भानगड नेमकी कोणत्या दिवशी ध्यानात आली?

इंझोरीच्या माणसानं तंबाखू मळत सांगितलं, पहिल्याच दिवशी, फाटकातून येताना; त्याचे पाय आपोआप थांबले तेव्हा.

दादा उठून उभा राहिला. "मंग आठ दिवस ह्या झाडाखाली काय पाहून राह्यले होते?"

त्यानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"तुमी जेवाले कवा जाता, थे."